रडायची राहिलेली बहीण

कारधा
१९ जानेवारी

अमर,

तू बंगळुरूला सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. पण सुखरूप या एका शब्दाने माझं भागेना, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर हे बोलता येणार नाही. तुझ्या त्या अंतराळवाल्यांच्या केंद्रात फोन कोण कोण ऐकतं देव जाणे, आणि हे दुसऱ्या कोणी ऐकलेलं मला नको आहे.

परवा सकाळी तू आसगावहून, आईकडून निघालास. तू नागपूरच्या विमानतळावर पोचलाही नसशील, तोवर इकडे मला तुझ्या मरणाची बातमी आली होती.

घाबरू नको. घाबरायचं काम मी करते आहे.

झालं असं, की आदल्या दिवशी तू अंगणात बसून वडे खात होतास, तेव्हा कावळ्याने झडप घातली आणि त्याचे पाय तुझ्या डोक्याला लागले. तू हसलास. आईने ते पाहिलं. तू लहानपणीच सैनिकी शाळेत गेलास, म्हणून तुला आपल्याकडचं हे ठाऊक नसेल. डोक्याला कावळा शिवला की ते मरणाचं बोलावणं. ते परतवायचं तर लांब राहणाऱ्या रक्ताच्या माणसाला खोटीच बातमी द्यायची, की तो गेला. त्या माणसाने खरं समजून रडायचं. रडून झालं की मग खरं सांगायचं. मरण येऊन गेलं, रडणंही झालं, आता दुसऱ्यांदा येत नाही, अशी समजूत. तू लग्न केलं नाहीस, मामा कोणी उरला नाही, म्हणजे रडायला उरले मी.

सातवीचा तास चालू होता. शेजारच्या गोमाजीकाकांचा फोन आला. "गुंजन, मन घट्ट कर वो पोरी. आपला अमर गेला. इमान पडलं त्याचं." आणि मग हुंदका. अमर, तो हुंदका मी दरवर्षी दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईच्या नाटकात ऐकते. राजा मरतो तेव्हा काका तोच देतात, आधी लांब श्वास घेऊन. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, कावळा शिवला का जी त्याले?" पलीकडचा हुंदका तिथेच तुटला. आणि मी हसले. अख्ख्या वर्गासमोर पोट धरून हसले.

काका बिचारे रडकुंडीला आले. "असं नको करू वो. तू रडली नाही त लागू होत नाही ते." मी म्हटलं, "आईले सांगा, लय रडली म्हणून." त्यांनी तसं सांगितलं. आई त्या दिवशी पोटभर जेवली म्हणे.

मग संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता माझ्या मनात आलं, भावाच्या मरणाची बातमी ऐकून मी हसले. लाटणं तसंच खाली ठेवलं. मी विज्ञान शिकवते रे. कावळ्याला वडा हवा होता, तुझा जीव नको होता, हे मला कळतं. पण कळणं डोक्यात राहतं आणि भीती पोटात, त्या दोघांची भेटच होत नाही. तुझ्या भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "साड्यांचा माल आला आहे, उद्या बोलू."

तेव्हा तुलाच विचारते. तुला वर अंतराळात जावंच लागतं का? नाही म्हणता येत नाही का?

तुझी ताई
गुंजन

बंगळुरू
३० जानेवारी

ताईस नमस्कार,

तुझं पत्र वाचून इतका हसलो की शेजारच्या खोलीतला अधिकारी दार वाजवून गेला. गोमाजीकाकांना माझ्यातर्फे पुढच्या मंडईत शाल घाल. माझ्या मरणाचा पहिला प्रयोग त्यांनी केला.

आता मुद्द्याचं. मी जातच नाही आहे. गावात कोणी समजून घेत नाही, तू तरी घे. या पहिल्या खेपेला एकच माणूस वर जाणार आहे आणि तो मी नाही. माझे एक वरिष्ठ आहेत, ते जाणार. मी राखीव. लग्नात नवरदेवाच्या भावाचं असतं तसं माझं आहे. सूट त्यालाही शिवतात, हळदही लावतात, पण घोड्यावर दुसराच बसतो.

म्हणून सगळं मलाही करावं लागतं. एका लांब लोखंडी हाताच्या टोकाला बसवून गरगर फिरवतात, तेव्हा छातीवर कोणी तांदळाची पोती रचतंय असं वाटतं. समुद्रात टाकतात, बर्फात सोडतात. उरलेला वेळ खोट्या यानात बसवून वेगवेगळे बिघाड करतात आणि आम्ही ते दुरुस्त करायचे. लढाऊ विमानं सोडून मी नव्या विमानांची चाचणी घ्यायला लागलो तेव्हा आई म्हणाली होती, "म्हंजे आता पडते का नाही ते पाहाले तू बसतो?" तिला जितकं चटकन कळलं तितकं माझ्या साहेबांनाही कळत नाही. काम तेच आहे. यंत्र कुठे दगा देतं ते आधी शोधायचं, म्हणजे ते देत नाही.

तू हसलीस ते बरं झालं. कोणीतरी हसायला हवंच होतं. आईला काही बोलू नको. आणि लाखोळीच्या पाल्याची भाजी वाळवून पाठव, इथे पालकालाच भाजी म्हणतात.

तुझा
अमर

कारधा
८ मार्च

अमर,

भाजी पाठवली आहे. तू राखीव आहेस हे वाचून दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पवनीच्या बसस्टँडवर तुझा फलक लागलेला पाहिला. 'आसगावचा वाघ अंतराळात.' तू त्यात ढगांवर उभा आहेस, पायात चपला आहेत. मी फलक बांधणाऱ्या माणसाला म्हटलं, भाऊ, तो राखीव आहे. तो म्हणाला, "मॅडम, राखीव असो का काही असो, जागा त मिळाली ना!"

पण आईचं बरं नाही. अंगणावर तिने जुनी हिरवी जाळी ताणली आहे. हातात काठी घेऊन बसते आणि कावळ्यांना हाकलते. शेजारी हसतात. परवा मी गेले तर म्हणाली, "गुंजन, खरंच रडली होती ना तू?" मी म्हटलं, हो. "डोळ्यातून पाणी पडलं होतं?" हो. मग तिने देवघरातला दिवा आणून समोर ठेवला. "यावर हात ठेव अन् सांग." मी हात ठेवला, अमर. ज्योतीची ऊब तळव्याला लागत होती आणि मी सांगितलं, लय रडली. आई म्हणाली, "तू रडली म्हनून मले जेवन जाऊन राहिलं. नाही त मी कवाची मरून गेली असती."

आता मी काय करू? खरं सांगितलं तर आई अन्न सोडेल. नाही सांगितलं तर दिव्यावरची खोटी शपथ माझ्या डोक्यावर, आणि तिचा भोग मला नाही, तुला येईल असं वाटत राहतं. सातवीला शिकवताना मी चेंडू दोरीला बांधून फिरवला, यान पृथ्वीभोवती कसं फिरतं ते दाखवायला. दोरी हातातून सुटली. चेंडू खिडकीवर आदळला. मी मुलांसमोर खाली बसले. डिंपल नावाची मुलगी पाणी घेऊन आली.

राजस्थानात तुझं विमान पडलं होतं, ते मला टीव्हीवरून कळलं होतं, आठवतं? खालच्या पट्टीत आलं, वैमानिकाचा शोध सुरू. नाव नव्हतं. तुझा मणका दबला आहे पण तू जिवंत आहेस हे कळेपर्यंत मी टीव्हीसमोरून उठले नव्हते. तेव्हाही रडले नव्हते. मला रडताच येत नाही की काय, कोण जाणे. त्या दिवसापासून फोन वाजला की आधी हात पुसते, मग उचलते. हात कोरडे असले तरी पुसते.

मला विनोद लिहू नको या खेपेला. सरळ सांग. तुला भीती वाटते की नाही?

ताई

बंगळुरू
२१ एप्रिल

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण तू सरळ विचारलंस आणि मला सरळ लिहिता येईना. हे पत्र एका मित्राच्या हाती बाहेर पाठवतो आहे. वाचून फाडून टाक.

उद्या-परवा पेपरात येईल. माझ्या वरिष्ठांच्या हृदयाच्या तपासणीत काहीतरी निघालं. धोक्याचं नाही, पण त्यांना वर पाठवत नाहीत. मी जाणार. पुढच्या महिन्यात.

सगळ्यांनी मिठ्या मारल्या. मी हसत होतो. खोलीत आलो आणि बूट काढायला खाली वाकलो, तर लेस सुटेना. शेवटी बुटांसकट झोपलो.

भीती मला ठाऊक आहे, ताई. राजस्थानात पडत्या विमानातून बाहेर फेकणाऱ्या खुर्चीचा दांडा ओढला तेव्हाही वाटली होती. पण ती पाहुण्यासारखी आली, पाणी पिऊन गेली. ही मुक्कामाला आली आहे. जेवायला माझ्यासोबत बसते. आणि तुला राग येईल, पण ती कुठून आली तेही सांगतो. गेल्या आठवड्यात खोट्या यानातून खाली उतरायचा सराव होता. पॅराशूट उघडत नाही असा बिघाड त्यांनी मुद्दाम घातला. धोक्याचा भोंगा वाजला. माझा हात दुसऱ्या पॅराशूटच्या कळीकडे जायला हवा होता, तो डोक्यावर गेला. टाळूवर. हेल्मेटवर हातमोजा आपटला तेव्हा मी भानावर आलो. शिकवणाऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, खाज आली. त्याने मान हलवून पुढचा सराव लावला.

कावळा माझ्या डोक्यावरून उठलाच नाही आहे. तू मला सांगायला नको होतं, किंवा मी हसायला नको होतं. इतकी वर्षं मी फक्त यंत्रांना घाबरलो, आणि त्यांना दुरुस्त करता येतं. याला काय करू?

रोज सकाळी डॉक्टर विचारतात, सगळं ठीक? मी एकदा नाही म्हटलं की संपलं. दुसऱ्या कोणाला तयार करतील, कोणी मला फासावर देणार नाही. नाही म्हणायला तोंड उघडतो आणि 'ठीक' बाहेर पडतं.

एक मागतो. लाज वाटते, पण मागतो. तू माझ्यासाठी रडशील का? एकदाच. आई म्हणते तसं, खरोखरीचं.

अमर

कारधा
२७ एप्रिल

अमर,

पत्र फाडलं. आधी पाच-सहा वेळा वाचलं.

तू गंमत करत नाहीस ना, हे पाहायला अक्षर निरखलं. नाही. मग मी बसले रडायला. दार लावलं. तुझा तो वर्दीतला फोटो समोर घेतला. मनाशी म्हटलं, हा गेला. हा आता नाही. याची वर्दी पेटीत घालून येणार आहे. काही झालं नाही. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "आतमदी का करून राहिली वो?" तुझ्या भाऊजींनी कांदे आणून दिले, त्यांचं तेवढंच डोकं चालतं. डोळ्यांतून पाणी आलं, पण कांद्याचं रडणं कोणाला लागू होणार?

आसगावला जाऊन बाबांच्या फोटोसमोर बसले. तिथेही नाही. मग मला कळलं, अमर. तू मेलास असं माझं मन धरतच नाही. मी त्याला कितीही सांगितलं तरी ते म्हणतं, हट, काय बोलतेस. काकांच्या फोनवर म्हणूनच मी हसले असेन. आता सांग, या मनाला मी फसवू कशी?

म्हणून माझं रडणं मागू नको. त्यापेक्षा उद्या सकाळी डॉक्टरांना 'ठीक नाही' म्हण. लोक हसतील. हसू दे. फलक मी स्वतः शिडी लावून उतरवते. तू आसगावला ये, धानाचे बांध पाहा, तलावावर मासे मार, आईच्या जाळीखाली बस. घाबरलेला असशील तर घाबरलेला ये. मला घाबरलेला भाऊ चालतो.

तुला हात जोडते.

ताई

४ मे

ताई,

कोणाचा आजार लागू नये म्हणून आता आम्हाला वेगळं ठेवताहेत, यानंतर पत्र नाही. आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं. मी तुझं पत्र खिशात घेऊन गेलो होतो. तरीही 'ठीक' म्हणालो.

का, ते मला नीट सांगता येत नाही. परत आलो तर सांगेन. आईजवळ राहा.

अमर

आसगाव
१९ मे

अमर,

तू खाली आलास. जहाजावर तुला खुर्चीतून नेताना टीव्हीवर पाहिलं, तू हात हलवलास. आता तू डॉक्टरांच्या ताब्यात आहेस, फोन देत नाहीत, म्हणून लिहिते. त्या दिवशी इथे काय झालं ते तुला कळायलाच हवं.

तू वर होतास ते दिवस मी कसे काढले ते विचारू नको. आईच्या अंगणात मांडव घातला, मोठा टीव्ही लावला, कूलर भाड्याने आणला. उतरायच्या दिवशी अर्धं आसगाव तिथे. सगळे मला विचारत होते, कारण मी विज्ञानाची मॅडम. मीच उभी राहून सांगितलं, खाली येताना यानाभोवती आग असते, तेव्हा थोडा वेळ बोलणं होत नाही, घाबरायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. बोलणं थांबलं तेव्हा सगळे निवांत होते. गोमाजीकाका सुपारी कातरत होते.

मग तो वेळ संपला. तू बोलायला हवं होतं. समुद्रावर ढग होते, कॅमेऱ्यात काहीच दिसत नव्हतं. केंद्रातले लोक तुला हाक मारत होते. आम्हाला ऐकू येत होती. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. टीव्हीवरची बाई कागद चाळायला लागली. मांडवातले लोक अजून निवांतच, मॅडमने सांगितलं होतं ना! त्या सगळ्यांत एकटी मी होते जिला कळत होतं की ही वेळ आता आगीची राहिली नाही.

आणि माझ्या मनाने धरलं. इतके महिने जे धरत नव्हतं ते धरलं. मी खाली मातीत बसले आणि ओरडले. कशी ओरडले ते मला माहीत नाही, तुझे भाऊजी म्हणतात, तसा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. बायका धावल्या. तेव्हा आई उठली आणि तिने काठी आडवी धरली. "हात नका लावू तिले. रडू द्या!" माझ्या शेजारी येऊन बसली, पाठीवर हात फिरवत राहिली. "रड माय. मले मालूम होतं तू रडली नव्हती. गोमाजीले बोलता येते, तोंड लपवता येत नाही. रड. आता येते तो."

आईचा चेहरा मी पाहिला. ती खूश होती, अमर. मी तुझ्यासाठी ऊर बडवत होते आणि आई खूश होती. मला तिची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

त्यानंतर तुझा आवाज आला. मांडवात शिट्ट्या, फटाके, गुलाल. आईने अंगणावरची जाळी त्याच वेळी काढायला लावली. मी मात्र तशीच मातीत बसून राहिले.

पेपरात आलं आहे, रेडिओत काही बिघाड झाला होता. खरं काय ते मला सांग. मला यंत्राची माहिती हवी आहे. आई म्हणते तसं मला मानायचं नाही.

ताई

बंगळुरू
२६ मे

ताई,

तुझं पत्र मिळाल्यापासून जेवण जात नाही. तुला खरं सांगतो. अहवालात मी हे लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही.

वर सगळं नीट झालं. लोक विचारतात पृथ्वी कशी दिसली. सुंदर दिसली. पण मी खिडकीतून कमीच पाहिलं, घड्याळाकडे जास्त. खाली यायला निघालो, आग संपली, आणि मग पॅराशूटची वाट पाहायची होती. तो वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. हात या खेपेला कळीवरच ठेवला होता, दुसऱ्या हाताने घट्ट दाबून. मग झटका बसला. वर पाहिलं तर तिन्ही उघडलेली, भगवी-पांढरी, भरून. मी जगलो होतो.

रेडिओ चालू होता, ताई. काही बिघडलं नव्हतं. त्यांची प्रत्येक हाक मला स्पष्ट ऐकू येत होती. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. ते दाबून 'मी ठीक आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण मी रडत होतो. लहान मुलासारखा, मोठ्याने, थांबतच नव्हतो. इतके महिने कोंडलेलं सगळं बाहेर आलं. तो आवाज देशाने ऐकू नये, म्हणून मी बटण दाबलं नाही. आवाज सरळ व्हायची वाट पाहत राहिलो. मला वाटलं, तेवढ्याने कोणाचं काय बिघडतं?

डॉक्टरांना 'ठीक' म्हणालो ते लाजेपायीच. तीच लाज राखायला मी तिथेही गप्प बसलो, आणि तेवढा वेळ तू मला मेलेला धरून मातीत बसलीस. मी जिवंत होतो. नुसतं बोलायचं होतं.

तुझा
अमर